नगरचा माग आणि केंटकीचे डोंगर

स्मरणिकेत आठवणी पुष्कळ येतील. मधल्या सुट्टीतली भेळ, पीटीच्या सरांची शिट्टी, स्नेहसंमेलनातली फजिती, हे सगळे माझ्यापेक्षा चांगले लिहिणारे लोक आपल्या तुकडीत आहेत. म्हणून संपादक मंडळाला मी आधीच सांगून ठेवले होते की मी आठवण लिहिणार नाही, गावच्या इतिहासातले एक पान लिहीन. माझे शिक्षण इंजिनिअरिंगचे आणि पोटापाण्याचा उद्योग सॉफ्टवेअरचा. इतिहास दहावीच्या पेपरानंतर सुटला तो सुटलाच होता. पण काही वर्षांपूर्वी हातमागांविषयी वाचत असताना शंभरएक वर्षांपूर्वी आपल्या नगरमध्ये येऊन राहिलेला एक अमेरिकन इंजिनिअर मला सापडला. तो इथे कसा आला, कशासाठी आला, हे शोधताना मिशनचा सगळा इतिहास वाचून झाला. इतिहासाच्या बाई हा लेख वाचणार आहेत हे लक्षात ठेवून सनावळ्या दोनदा तपासल्या आहेत.

आपण नगरमध्ये वाढलो, त्यामुळे 'अमेरिकन मिशन' हे शब्द सगळ्यांच्या कानावरून गेलेले आहेत. (गावाचे नाव आता अहिल्यानगर झाले, पण आपण शाळेत असताना ते नगर होते, म्हणून इथे नगरच लिहिते.) ह्यूम चर्चवरून आपण सायकली दामटल्या, आपल्यातल्या काहींच्या बहिणी क्लेरा ब्रूसला होत्या, निम्मी तुकडी पुढे नगर कॉलेजला गेली. पण हे ह्यूम कोण, ते इतक्या लांबून इथे का आले, हे आपण कधी विचारले नाही. त्या काळी 'अमेरिका' म्हणजे आपल्याला जिथे जायचे ते ठिकाण होते. तिथून उलट कोणी आपल्याकडे आले असेल, आणि आपल्या गावातली माणसे अडचणीत आहेत म्हणून आले असेल, हे आपल्या डोक्यात येणे शक्य नव्हते.

परदेशी मिशनसाठी अमेरिकन बोर्ड ही संस्था १८१० मध्ये स्थापन झाली आणि तिचे काम बॉस्टनहून चाले. तिच्या पहिल्या मिशनऱ्यांपैकी दोघे, गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट, फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईला उतरले. ईस्ट इंडिया कंपनीला ते नको होते. धर्माच्या कामाने लोक बिथरतील आणि व्यापारात अडथळा येईल, अशी कंपनीला भीती होती. दोघांना परत पाठवण्याची तयारीही झाली होती. पण त्याच वर्षी कंपनीची सनद बदलली आणि मिशनऱ्यांना वाट मोकळी झाली. हॉल मराठी शिकले, बायबलच्या भाषांतराला हात घातला आणि १८२६ मध्ये नाशिककडच्या प्रवासात पटकीने वारले. पटकीच्या रोग्यांना औषध देत फिरत असतानाच त्यांना ती लागली. नगरमध्ये मिशनचे ठाणे १८३१ च्या डिसेंबरात पडले. आलेल्यांपैकी विल्यम हर्वी सहा महिन्यांच्या आत पटकीनेच गेले. या माणसांविषयी आपले मत काहीही असो, ती इथे कमवायला आली नव्हती, एवढे त्यांच्या कबरींवरून कळते.

सुरुवातीला त्यांच्याकडे आले ते गावातले सर्वांत दुबळे लोक. शहाणीसुरती, प्रतिष्ठित मंडळी वाद घालायला यायची. राहायला यायचे ते म्हातारे, आजारी, टाकून दिलेले. शिक्षणाचे काम त्याच्याबरोबरच सुरू झाले. सिंथिया फरार या बाई १८२७ मध्ये मुंबईला आल्या. अमेरिकेतून परदेशी मिशनवर पाठवलेली ती पहिली अविवाहित स्त्री मानली जाते. १८३९ मध्ये त्या नगरला आल्या आणि १८६२ मध्ये इथेच वारल्या. त्यांची मुलींची शाळा पाहायला जोतीराव फुले नगरला आले होते, आणि पुढे सावित्रीबाईंनी अध्यापनाचे शिक्षण फरारबाईंकडे घेतले, हे आता पाठ्यपुस्तकांतूनही येते. त्यामुळे त्यावर जास्त लिहीत नाही. मला सांगायचे आहे ते शाळेबाहेरचे: भुकेल्या कुटुंबाला मदत कशी करावी, हे या लोकांना कसकसे शिकावे लागले.

आपला जिल्हा पर्जन्यछायेतला. पाऊस घाटापलीकडे पडतो आणि आपण ढग मोजतो. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या पाव भागात इथे तीन मोठे दुष्काळ पडले: १८७६ ते ७८, १८९६-९७ आणि १८९९-१९००. शेवटचे दोन लागोपाठ आले आणि त्यांच्यामध्ये प्लेग. सरकारने दुष्काळी कामे काढली. खडी फोडायची, तलाव खणायचे, रस्ते करायचे आणि मजुरी घ्यायची. बहात्तरच्या दुष्काळात आपल्या आईवडिलांनी पाहिलेल्या कामांचे आणि नंतरच्या रोजगार हमीचे मूळ तिथपर्यंत जाते. पण कामावर जायलाही अंगात बळ लागते. ज्या घरातला कर्ता मेला, ज्या घरात म्हातारी आणि लहान मुलेच उरली, ती घरे या व्यवस्थेतून गळून पडायची. मिशनऱ्यांच्या दाराशी आली ती मुख्यतः हीच घरे, आणि घर संपल्यावर उरलेली मुले.

या काळात नगरच्या मिशनमधले सर्वांत मोठे नाव रॉबर्ट ॲलन ह्यूम यांचे. त्यांचा जन्म १८४७ मध्ये मुंबईत झाला, वडीलही मिशनरीच. येल विद्यापीठात शिकून १८७४ मध्ये ते नगरला आले आणि पन्नास वर्षांहून अधिक काळ काम करून १९२६ मध्ये परत गेले. धर्मशिक्षण देणारे विद्यालय त्यांनी १८७८ मध्ये इथे सुरू केले. शेवटच्या दुष्काळात अमेरिकेतून येणाऱ्या मदतीच्या वाटपात त्यांचा मोठा वाटा होता, आणि त्यासाठी सरकारने त्यांना कैसर-ए-हिंद सुवर्णपदक दिले.

ही मदत कशी जमली ते मुद्दाम सांगते. न्यूयॉर्कच्या 'ख्रिश्चन हेरल्ड' या साप्ताहिकाने हिंदुस्थानातल्या दुष्काळासाठी वर्गणीचे आवाहन केले. हाडे वर आलेल्या मुलांची छायाचित्रे छापली. ती पाहून अमेरिकेतल्या लहान गावांतल्या लोकांनी, अगदी शाळकरी मुलांनीही पैसे पाठवले. मे १९०० मध्ये 'क्विटो' नावाचे जहाज सुमारे पाच हजार टन मका घेऊन न्यूयॉर्कहून मुंबईला निघाले; जहाजाची व्यवस्था अमेरिकन सरकारने केली होती. बहात्तर साली आपल्या घरच्यांनी अमेरिकन मिलो खाल्ला, त्याच्या सत्तर वर्षे आधीची ही गोष्ट. त्या मक्याने जीव वाचले, यात शंका नाही. पण त्या छायाचित्रांतल्या मुलांना आपले छायाचित्र कुठे छापले जाते आहे, हे माहीत नव्हते. त्यांना कोणी विचारलेही नव्हते. देणाऱ्याचे मन हलावे म्हणून घेणाऱ्याची उपासमार दाखवायची, ही पद्धत तेव्हा रुळली आणि अजून चालू आहे.

आता अवघड प्रश्नाकडे येते. आपल्या लहानपणी गावात एक शब्दप्रयोग सर्रास कानावर पडायचा, 'पोटासाठी बाटले'. कोणी कोणाला म्हटले ते इथे सांगण्याची गरज नाही. आपल्याच वर्गात बसणाऱ्या काहींच्या पणज्या-पणजोबांविषयी ते बोलले जायचे आणि त्यांना ते ऐकू जायचे.

या वाक्यात कितपत तथ्य आहे? दुष्काळाच्या वर्षांत बाप्तिस्मा घेणाऱ्यांची संख्या वाढली, हे खरे आहे. मिशनऱ्यांनाही ते दिसत होते. अशा वेळी आलेल्या माणसाला लगेच बाप्तिस्मा द्यावा की पाऊस पडेपर्यंत थांबावे, यावर त्यांच्यात वाद होत. पण गोष्ट तिथे संपत नाही. नगर जिल्ह्यातल्या महार-मांग वस्त्यांमध्ये ख्रिस्ती होण्याची ओढ या दुष्काळांच्या कितीतरी आधी सुरू झाली होती, आणि तिचे कारण नुसती भाकरी नव्हते. मुलाला शाळेत बसायला मिळते, कोणीतरी घरात येऊन पाणी पिते, वेठबिगारीला नाही म्हणताना मागे कोणीतरी उभे राहते, या गोष्टींची भूक पोटाच्या भुकेपेक्षा जुनी होती. शिवाय धर्म बदलल्याने पोटाचा प्रश्न सुटत नसे, उलट बिघडे. गावकीतले बलुते जायचे, विहिरीवरून नवे भांडण निघायचे, भाऊबंद तोडायचे. नुसते पोट पाहायचे असते तर हा सौदा फार वाईट होता. आणि समजा एखाद्या आईने मूल जगावे म्हणूनच तो निर्णय घेतला असेल, तर तिला बोल लावणारे आपण कोण? तिच्या दारात त्या वेळी दुसरे कोण गेले होते, हा प्रश्न आधी विचारायला हवा.

मिशनऱ्यांच्या बाजूलाही सगळे स्वच्छ होते असे मी म्हणत नाही. हातात धान्य आणि खिशात धर्म घेऊन आलेला माणूस उपाशी माणसासमोर उभा असतो, तेव्हा दोघे बरोबरीचे नसतात. अट न घालताही अट असतेच. आपल्याकडच्या देवळांना आणि दानधर्मांना त्यांनी जी नावे ठेवली, ती आज वाचवत नाहीत. मात्र इथे राहून राहून त्यांच्यातले काही बदलले, हेही नोंदवले पाहिजे. ह्यूम यांचेच उदाहरण घ्या. ज्यांच्या कानावर ख्रिस्ताचे नावच कधी गेले नाही, असे इथल्या लोकांचे मेलेले आईवडील कायमचे नरकात गेले, ही त्या वेळच्या अनेक धर्मपंडितांची शिकवण होती. १८८६ मध्ये रजेवर अमेरिकेत असताना ह्यूम यांनी जाहीरपणे सांगितले की अशा लोकांना मृत्यूनंतरही संधी मिळेल अशी आशा बाळगायला जागा असावी. त्यावरून मोठे वादळ झाले. बोर्डाने त्यांना नगरला परत पाठवणे अडवून धरले, आणि अखेर १८८७ मध्ये परवानगी दिली. नगरमधल्या माणसांच्या तोंडाकडे बघून बोलायची सवय झाली, की बॉस्टनमध्ये बसून ठरवलेली काही वाक्ये तोंडातून निघत नाहीत, असे मला हे वाचताना वाटले.

दुष्काळ सरला, पण मिशनच्या वसतिगृहांत शेकडो अनाथ मुले राहिली. ती मोठी होऊ लागली. त्यांना शेत नव्हते, बलुते नव्हते, जातीचा धंदा नव्हता. वाचायला-लिहायला शिकवून सगळ्यांना शिक्षक किंवा उपदेशक करणे शक्य नव्हते. म्हणून औद्योगिक शिक्षण पुढे आले. पारशी दानशूर सर दिनशा माणेकजी पेटिट यांच्या नावाची औद्योगिक शाळा मिशनने नगरमध्ये चालवली. आणि १९०१ च्या सुमाराला मिशनने नगरसाठी जो माणूस निवडला तो पाद्री नव्हता, यंत्रांचा जाणकार होता. त्याचे नाव डेव्हिड कॅरल चर्चिल.

नावावरून गोंधळ नको. हे ते चर्चिल नव्हेत. हे मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत, म्हणजे आपल्या मुलांना जिथे प्रवेश मिळावा म्हणून आज आपण देव पाण्यात ठेवतो त्या एमआयटीत, शिकलेले होते. त्यांच्यासमोर जो प्रश्न होता तो नगरकरांना नव्याने सांगायला नको. साड्या विणणे हा नगर-भिंगारचा जुना धंदा. साळी, कोष्टी आणि तेलंगणातून आलेले पद्मशाली यांची घरेच्या घरे त्यावर जगत. तोफखान्यात वाढलेल्या मित्रांना हे माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. आधी विलायती कापडाने आणि मग मुंबई-सोलापूरच्या गिरण्यांनी या धंद्याचा गळा आवळला. दुष्काळात तर विणकरावर दुहेरी संकट यायचे: धान्य महाग झाले की लोक आधी लुगडे घ्यायचे थांबतात, त्यामुळे त्याचे उत्पन्न शेतकऱ्याच्याही आधी बंद होते. आणि त्याला खडी फोडायला पाठवले, तर राठ झालेल्या हातांनी बारीक सूत धरता येत नाही. म्हणजे दुष्काळ संपल्यावर परत मागावर बसायची सोयही जाते. विणकराला त्याच्याच धंद्यातले काम देऊन जगवले पाहिजे, हे सरकारच्या दुष्काळविषयक धोरणातही मान्य होऊ लागले होते.

जुना माग कसा चालतो ते थोडक्यात सांगते. विणकर जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून बसतो. पायाने पावड्या दाबल्या की ताण्याचे अर्धे धागे वर जातात, अर्धे खाली. मधल्या फटीतून तो एका हाताने धोटा फेकतो आणि दुसऱ्या हाताने झेलतो. मग फणी ओढून आडवा धागा ठोकून बसवतो. प्रत्येक धाग्याला हे सगळे. कापडाचा पन्हा हात पोचेल तेवढाच. इंग्लंडात जॉन के याने १७३३ मध्ये यावर युक्ती काढली होती. धोट्यासाठी दोन्ही टोकांना पेट्या केल्या आणि दोरीला झटका दिला की धोटा एका पेटीतून सुटून दुसऱ्या पेटीत जाऊन बसेल अशी सोय केली. झेलायचे काम गेले, एक हात मोकळा झाला, वेग जवळपास दुप्पट झाला. चर्चिल यांनी नगरमध्ये राहून याच तत्त्वावर, हातानेच चालणारा पण जास्त वेगाचा माग तयार करण्याचे काम हाती घेतले. तो 'चर्चिल माग' म्हणून ओळखला जाऊ लागला आणि हातमागाच्या सुधारणेविषयी त्या काळी देशभर जी चर्चा चालली होती, तिच्यात नगरचे नाव गेले.

गिरणीशी स्पर्धा करायला गिरणीच काढावी, असे म्हणणारे त्या वेळी पुष्कळ होते. मद्रास इलाख्यात आल्फ्रेड चॅटर्टन या अधिकाऱ्याने १९०६ मध्ये सेलमला हातमागांचा कारखाना काढून पाहिला. सुधारलेले माग, एक छप्पर, ठरलेली मजुरी. विणकर तिथे टिकेनात. वेळेवर येत नसत, मधेच घरी निघून जात. त्यावर पुष्कळांनी विणकराला आळशी ठरवले. पण जरा विचार करा: मागावर बसलेला माणूस एकटा विणत नसतो. सूत उकलायचे, कांड्या भरायच्या, ताणा लावायचा, खळ द्यायची. ही कामे बायको, म्हातारी आई, मुले करतात. घरातला माग म्हणजे सगळे घर मिळून चालणारे एक यंत्र असते. त्यातला एक माणूस उचलून कारखान्यात नेला, तर बाकीच्यांचे काम जाते आणि त्या एकाच्या मजुरीवर सगळे घर येते. त्या विणकराचा हिशेब बरोबर होता.

इथेच वेगवान मागाचीही मर्यादा दिसते. आमच्या क्षेत्रात हे रोज बघायला मिळते: कामाच्या साखळीतला एकच टप्पा दुप्पट वेगाने केला, तर अडचण नाहीशी होत नाही, शेजारच्या टप्प्यावर जाऊन बसते. माग दुप्पट धावला की कांड्याही दुप्पट लागतात, म्हणजे घरातल्या बाईचे आणि मुलांचे काम दुप्पट. सूत दुप्पट लागते, आणि सूत सावकाराकडून उचल म्हणून आलेले असते. विणलेले लुगडे त्याच सावकाराला, त्याने ठरवलेल्या भावाने द्यायचे. म्हणजे वाढलेल्या वेगाचा फायदा कोणाच्या घरी जाणार, हे मागाची रचना ठरवत नाही, उधारीची वही ठरवते. झटक्याचे माग पुढच्या काही दशकांत आपल्या भागात पसरले, त्यांच्यावर बरीच घरे तगली. पण यंत्रमाग आल्यावर नगरमधले बहुतेक हातमाग थांबले आणि त्याच घरांतल्या बायका विड्या वळायला लागल्या. विड्यांची पाने आणि तंबाखू मोजून देणारा कारखानदार, आणि वळलेल्या विड्या मोजून घेणाराही तोच. जुन्या सूत-लुगड्याच्या व्यवहाराची ही दुसरी आवृत्ती. आपल्या शाळेत दप्तर ठेवून संध्याकाळी सुपात पाने कातरायला बसणाऱ्या मुली होत्या, हे आपल्याला आठवत असेल.

चर्चिल यांची गोष्ट मात्र नगरमध्ये संपत नाही, आणि मला सर्वांत आवडलेला भाग पुढचाच आहे. ते अमेरिकेत परतले आणि केंटकी राज्यातल्या बेरिया या लहान गावी गेले. तिथले बेरिया कॉलेज १८५५ मध्ये जॉन फी या गुलामगिरीविरोधी धर्मोपदेशकाने सुरू केले होते. काळ्या आणि गोऱ्या मुलांना एकत्र शिकवणारे ते दक्षिणेतले पहिले कॉलेज. राज्य सरकारने १९०४ मध्ये कायदा करून ते एकत्र शिकणे बंद पाडले. आजूबाजूला ॲपलेशियन डोंगररांगा. उतारावरची वाईट जमीन, रस्ते नाहीत, घरात रोकड नाही. या डोंगरी लोकांकडे अमेरिकेतली मिशने जवळपास त्याच नजरेने पाहत, ज्या नजरेने आपल्याकडे पाहत: मागासलेले, मदतीची गरज असलेले. आपल्याला वाटते की अमेरिका फक्त देणारी होती. तिच्याही घरात नगरसारखे दुष्काळी तालुके होते.

या घरांमधल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या मागावर जाड चादरी विणत. विल्यम फ्रॉस्ट हे बेरियाचे अध्यक्ष असताना, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, या चादरी मुलांच्या फीच्या बदल्यात घ्यायला कॉलेजने सुरुवात केली. आईने चादर विणायची, मुलाने शिकायचे. पुढे कॉलेजने हा घरगुती उद्योगाचा विभागच काढला. मला यात महत्त्वाचे वाटते ते हे की त्या बाईला कोणी याचक म्हणून उभे केले नाही. तिच्या हातातले कसब हीच फी मानली.

अशा गावात नगरचा अनुभव घेतलेला इंजिनिअर येऊन पडला. १९२२ मध्ये कॅरल चर्चिल आणि त्यांची पत्नी एलिनॉर यांनी तिथे 'चर्चिल वीव्हर्स' नावाचा हातमागाचा उद्योग सुरू केला. माग त्यांनी स्वतः बनवले. नगरमध्ये विणकरांसाठी खटपट करताना जे उमगले होते, त्याच झटक्याच्या मागाची ही सुधारलेली भावंडे होती. विक्रीची बाजू एलिनॉर सांभाळत. बेरियाच्या आसपासच्या घरांतल्या माणसांना शिकवून कामावर घेतले. शाली, पांघरुणे, बाळांची दुपटी शहरांतल्या दुकानांत जाऊ लागली. नगरमध्ये जी गोष्ट नव्हती ती इथे होती: विणणारा आणि गिऱ्हाईक यांच्यामध्ये सावकार नव्हता. म्हणून माग तोच असूनही परिणाम वेगळा झाला. हा उद्योग पंच्याऐंशी वर्षे चालला. तो २००७ मध्ये बंद पडला, तेव्हा त्यांच्या कापडाचा आणि कागदपत्रांचा प्रचंड संग्रह केंटकी राज्याच्या इतिहास संस्थेने जपून ठेवला. आपल्या तुकडीतले जे लोक ओहायो-केंटकीच्या बाजूला असतात, त्यांनी तिकडे कधी गेल्यास तो संग्रह जरूर पाहावा. त्या कापडाच्या वंशावळीत आपल्या गावाचे नाव आहे.

मदत घेणाऱ्यांनी पुढे काय केले, हे सांगितल्याशिवाय हा इतिहास अर्धाच राहील. रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले आणि नगरच्या मिशनमध्ये त्यांनी वर्षानुवर्षे काम केले. पण मराठी ख्रिस्ती माणूस कायम परक्या पैशावर आणि परक्या हुकमावर चालतो, हे त्यांना खुपत गेले. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' सुरू केला. इथल्या मातीतली, अभंग-कीर्तनाची वाट धरणारी मंडळी त्यांना जमवायची होती. ह्यूम आणि त्यांच्यासारख्यांविषयी टिळकांच्या मनात आदर होता, तरी आदरापोटी ते गप्प बसले नाहीत. पुढची पायरी म्हणजे नगर कॉलेज. हार्वर्डमध्ये शिकलेले डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे यांनी ते १९४७ मध्ये सुरू केले. मराठी ख्रिस्ती घरातला माणूस आता सगळ्या जिल्ह्याला देणारा झाला होता. आपल्यातल्या कितीतरी जणांच्या नोकऱ्यांची सुरुवात त्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत झाली. फी किती माफक होती, ते आपल्या वडिलांना विचारा.

हा सगळा इतिहास मी आपल्यापुढे मांडला त्याला एक निमित्त आहे. मेळाव्याच्या तयारीत आपल्या तुकडीने शाळेतल्या गरजू मुलांसाठी मदतनिधी उभारायचे ठरवले आहे. रक्कम चांगली जमते आहे. आपल्यातले निम्मे लोक पुण्या-मुंबईत नाहीतर परदेशात आहेत. म्हणजे त्या मुलांच्या दृष्टीने आज आपणच न्यूयॉर्कहून मका पाठवणारे लोक आहोत. म्हणून तीन गोष्टी सुचवते. गुरुजनांनी आणि मित्रमंडळींनी त्यावर विचार करावा.

पहिली, काय द्यायचे हे इथे बसून ठरवू नये. नगरमध्ये राहणाऱ्या दोघा-तिघांनी वर्गशिक्षकांना बरोबर घेऊन त्या घरी जावे आणि आईला विचारावे. एखाद्या घरी वह्या-पुस्तके नको असतील. विड्यांच्या उचलीतून सुटायला एकदाच थोडी रक्कम हवी असेल, किंवा शिलाई मशीन. कदाचित मुलीला दहावीच्या वर्षी संध्याकाळी दोन तास कामातून मोकळीक हवी असेल, आणि त्या दोन तासांचे पैसे भरून निघाले की पुरे. सेलमच्या कारखान्याला जे विणकराच्या घरी जाऊन कळले असते, ते आपल्याला विचारून कळेल.

दुसरी, कोणतीही अट नको. गुणांची नको, आणि कार्यक्रमाला हजर राहण्याची तर मुळीच नको.

तिसरी, धनादेश देतानाचा फोटो नको. ना स्मरणिकेत, ना व्हॉट्सॲपच्या गटावर. ती मुले आपल्याच शाळेतली आहेत. वीस-पंचवीस वर्षांनी त्यांचाही मेळावा भरेल, आणि तेव्हा त्यांच्या वर्गमित्रांकडे तो फोटो नसावा.

मेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी निधीची बैठक आहे. त्या मुलांच्या वर्गशिक्षकांनी बैठकीला यावे अशी विनंती मुख्याध्यापकांना केली आहे. घरोघरी जायला कोण कोण तयार आहे, त्यांनी नावे तिथेच द्यावीत. माझे नाव मी आधीच दिले आहे. सुट्टी चार दिवस वाढवून घेतली आहे.